खलनायकांच्या जुन्या बाहुल्या : मोल कसे ठरवावे?

जुन्या मालाची पारख आपल्या लोकांना नवी नाही. घड्याळे, झुंबरे, तांब्यापितळेची भांडी हाती घेऊन क्षणात भाव सांगणारे कितीतरी बंधू मुंबईच्या चोरबाजारात भेटतात. परदेशातील अशा बाजारांत एक निराळी वस्तू मोठ्या किमतीला जाते. ती म्हणजे बॅटमॅन, सुपरमॅन, स्पायडरमॅन या चित्रकथांमधील खलनायकांच्या, सांधे हलणाऱ्या बाहुल्या. यांना ॲक्शन फिगर म्हणतात. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत वा इंग्लंडात आहेत असे व्यापारी विचारतात की, हा माल घ्यावा का आणि घेतला तर भाव कशावर धरावा?

आधी एक खुलासा. सजीवांच्या आकृतींच्या व्यापाराबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. मुलांच्या बाहुल्यांना पुष्कळांनी मोकळीक दिली आहे. परंतु हा माल मुलांकडे न जाता मोठ्यांच्या कपाटात शोभेसाठी जातो. तेव्हा पैसा गुंतवण्यापूर्वी आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे. फतवा देणे आमचे काम नव्हे. आम्ही पारखेपुरते बोलतो, कारण या मालाचा मोठा भाग कापडाचा आहे आणि कापड आम्हांला कळते.

मेगोचा माल

न्यूयॉर्कच्या मेगो कंपनीने 1972 मध्ये आठ इंची बाहुल्यांची एक मालिका काढली. माल हाँगकाँगमध्ये तयार होई. बाहुलीचे अंग प्लॅस्टिकचे, पण पोशाख खऱ्या कापडाचा. 1973-74 च्या सुमारास जोकर, पेंग्विन, रिडलर, लिझर्ड, ग्रीन गॉब्लिन हे खलनायक आले. 1980 नंतरच्या काही वर्षांत कंपनी दिवाळ्यात गेली आणि माल बंद झाला. आज बाजारात फिरतो तो त्या दहा-अकरा वर्षांचा साठा.

मुलांची पहिली मागणी नायकाची असते आणि दुकानदार मागणीप्रमाणे माल भरतो. खलनायक कमी खपतो, म्हणून पुढे तो कमी सापडतो. पण खलनायक म्हटला की दुर्मीळ, असा हिशेब करू नये. जोकरला गिऱ्हाईक भरपूर आहे, तसा तो सापडतोही. केनर कंपनीच्या 1984 ते 1986 च्या सुपर पॉवर्स मालिकेतही जोकर आणि पेंग्विन पहिल्या वर्षीचे, म्हणून मुबलक. मिस्टर फ्रीझ व टायर 1986 चे. तेव्हा मालिका संपत आली होती, म्हणून ते कमी दिसतात. टंचाई आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव दोन्ही मिळून ठरतो.

चार कसोट्या

पहिली कसोटी अस्सलपणाची. मेगोच्या बाहुलीच्या पाठीवर कंपनीचे नाव आणि साल कोरलेले असते. ते साल साच्याच्या हक्काचे असते, बाहुली त्याच साली बनली असे नव्हे. शिवाय अंग अस्सल असले तरी पोशाख तसाच असेल असे नाही. हातमोजे, बूट, पट्टे, कोट आज नव्याने बनवून सुटे विकले जातात. मेगो हे नावही 2018 मध्ये पुन्हा बाजारात आले, आणि फिगर्स टॉय कंपनीने जुन्या धर्तीच्या नव्या बाहुल्या काढल्या. हा नवा माल नवा म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही. जुना म्हणून विकला की ती फसवणूक.

कापड पाहताना पोशाख उलटा करावा. जुने ताणदार विणीचे कापड वर्षानुवर्षे घडीत राहिल्याने तिथे फिके पडते, काठाचे धागे निघतात, पाठीवरच्या धातूच्या टिचबटणाभोवती गंजाचा डाग उतरतो. गडद रंग अंगावर लागून प्लॅस्टिक डागाळते. पोशाख चाळीस-पन्नास वर्षांचा म्हणून दाखवला आणि शिलाई, बटण, काठ सगळे कोरे करकरीत असले, तर विचारपूस करावी. निळ्या-जांभळ्या अतिनील दिव्याखाली कापड चमकले की ते नवे, असे काही जण सांगतात. या कसोटीवर भिस्त ठेवू नये. कपडे धुण्याच्या पावडरमधील पांढरेपणा आणणारे रसायनही तसेच चमकते. जुना पोशाख कोणी कालच धुतला असला तरी तो चमकेल.

दुसरी कसोटी पूर्णतेची. लिझर्डचा पांढरा डगला, गॉब्लिनची झोळी, केनरच्या जोकरचा हातोडा, पेंग्विनची छत्री या वस्तू लहान म्हणून हरवतात, आणि हरवतात म्हणूनच महाग होतात. सुटा भाग नंतर विकत घेऊन बसवता येईल या भरवशावर पूर्ण मालाचा भाव देऊ नये. त्या भागाची किंमत आधीच वजा करावी.

तिसरी कसोटी स्थितीची. मेगोच्या अंगात इलास्टिक असते, ते काळाने सैल पडते. गुडघ्याला चीर गेली आहे का, रंग उडाला आहे का, मऊ प्लॅस्टिक चिकट झाले आहे का, हे हात लावून पाहावे. माल बंद वेष्टनात असेल तर पुठ्ठ्याच्या घड्या आणि वरचे पारदर्शक कवच पिवळे पडले आहे का ते पाहावे. कवचाच्या कडेला नव्या गोंदाची रेघ दिसली, तर वेष्टन उघडून पुन्हा चिकटवलेले असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत एएफए नावाची संस्था असे नग तपासून शंभरपैकी गुण देते व कठीण पेटीत बंद करते. महाग नगाला असा दाखला उपयोगी पडतो. स्वस्त नगाला त्याचा खर्चच डोईजड होतो.

चौथी कसोटी खऱ्या भावाची. विकणारा किती मागतो हा भाव नव्हे. सौदा कितीला तुटला हा भाव. ईबेवर विकल्या गेलेल्या मालाचे आकडे वेगळे काढून पाहता येतात. त्याच नावाचे, त्याच स्थितीचे पाच-सहा सौदे पाहावे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून द्यावा, मग अंदाज बांधावा. त्यातून दलाली, टपाल आणि जकात वजा करावी. भारतात खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. म्हणून माल मागवण्याआधी कस्टम एजंटला त्या दिवसाचा नियम विचारावा. नाहीतर नफा बंदरातच राहतो.

आपल्याकडचा माल

एक माल मात्र आपल्या दाराशीच आहे. मार्व्हलने 1982 पासून काढलेल्या जी. आय. जो चित्रकथेत कोब्रा नावाची दुष्ट टोळी आहे. तिच्या बाहुल्या फनस्कूल कंपनीने आपल्या देशात बनवल्या. 1987 साली निघालेल्या या कंपनीचा गोव्यात कारखाना आहे. काही नगांचे रंग अमेरिकी नगांहून वेगळे निघाले, म्हणून परदेशी शौकीन ते शोधतात. एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर असा न उघडलेला नग मिळाला तर पुठ्ठा फाडू नये, किमतीची चिठ्ठी खरवडू नये, उन्हात ठेवू नये.

ऐब सांगावा

ओले धान्य ढिगाच्या तळाशी ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काय विचारले, ते आपण सर्व जाणतो. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असा तो सवाल होता. नवा हातमोजा जुन्या जोकरच्या हातात घालून गप्प बसणे हे तेच ओले धान्य. पावतीवर स्पष्ट लिहावे : अंग जुने, हातमोजे नवे, उजवा गुडघा जोडलेला.

घेतानाही तोच नियम. घर आवरणाऱ्या एखाद्या विधवेला डब्यातील बाहुलीचे मोल ठाऊक नसते. तिच्या अज्ञानावर दहापट कमावणे याला फिक्हच्या किताबांत गब्न म्हटले आहे. तिला बाजारभाव सांगून, आपला रास्त नफा राखून घ्यावे. पारख ही अल्लाहची देणगी आहे. ती दोन्ही बाजूंना सारखी वापरली तर या धंद्यातही बरकत येईल, इन्शाअल्लाह.