उन्हाळ्यातला ‘हलका’ सुगंध

शिक्षकांच्या एका शिबिरात एका बाईंनी विचारले, “सर, बाजारात जुन्याच सेंटची उन्हाळ्यासाठी ‘हलकी’ आवृत्ती मिळते. म्हणजे मूळच्या सेंटमध्ये पाणी घातलेले असते का?” मी घाईने “बहुधा अल्कोहोल वाढवतात” असे सांगून मोकळा झालो. घरी आल्यावर लक्षात आले की हे उत्तर अर्धेच आहे, आणि प्रश्न वाटला त्यापेक्षा चांगला होता.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. ‘शनेल नंबर ५’ हे स्त्रियांसाठीचे सेंट एर्नेस्त बो या सुगंधकाराने १९२१ साली तयार केले. त्यात गुलाब व जाई यांच्या जोडीला चंदन, व्हॅनिला असे टिकाऊ वास आहेत. २०१६ साली ऑलिव्हिये पोल्ज याने त्याची ‘लो’ (फ्रेंचमध्ये ‘पाणी’) ही हलकी आवृत्ती केली. तिच्यात लिंबू-संत्र्याचा वास पुढे आणला आहे. म्हणजे नुसते पातळ करणे नव्हे, तर घटकांचे प्रमाणच बदलणे.

हा फरक महत्त्वाचा का? अल्कोहोल वाढवले तर ते काही मिनिटांत उडून जाते. मागे उरते ते पूर्वीचेच मिश्रण, फक्त कमी. रेडिओचा आवाज लहान करावा, पण गाणे तेच राहावे, तसे हे झाले. उन्हाळ्यात मात्र गाणेच बदलते. कसे ते पाहू.

वास येण्यासाठी पदार्थाचे रेणू उडून नाकापर्यंत पोचावे लागतात. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. त्याचा रेणुभार १३६ आणि उत्कलनबिंदू सुमारे १७६° से. व्हॅनिलिनचा रेणुभार १५२, म्हणजे थोडासाच जास्त. पण उत्कलनबिंदू सुमारे २८५° से.! वर्गात आपण ‘जड रेणू सावकाश उडतात’ असे सांगतो. ते पुरेसे नाही. व्हॅनिलिनच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. लिमोनीनच्या रेणूंमध्ये असे बंध नसतात.

आता तापमान वाढवा. दहा अंशांच्या वाढीने लिमोनीनचा बाष्पदाब जवळजवळ दुप्पट होतो. व्हॅनिलिनचा मूळचा बाष्पदाब फार कमी, पण तो दुपटीहून अधिक वाढतो. कारण ज्या रेणूंना सुटायला जास्त ऊर्जा लागते, त्यांच्यावर तापमानवाढीचा परिणामही जास्त होतो. त्यामुळे उन्हाळ्यात लिंबू-संत्र्याचा वास लवकर संपतो आणि मागचा गोड, दाट वास अधिक जोराने येऊ लागतो. थंडीत सुखद वाटणारे सेंट मे महिन्यात डोके का उठवते, याचे एक कारण येथे सापडते. दाट वास कमी करून ताजे वास वाढवण्यामागचे शास्त्रही हेच.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग असा. जाड कागदाच्या चार पट्ट्या घ्या. दोहोंवर संत्र्याची साल पिळा, दोहोंवर व्हॅनिला इसेन्सचा थेंब टाका. प्रत्येकी एक पट्टी सावलीत व एक उन्हात ठेवा. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा. मग दर पंधरा मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी वास घेऊन नोंदी करा. हाच प्रयोग डिसेंबरात पुन्हा करा.

एक काळजी घ्या. लिंबूवर्गीय सालींचा रस अंगाला लावून उन्हात जाऊ नये. त्यांपैकी काहींतील द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. म्हणून थेंब कागदावरच टाका.

त्या बाईंना मी हे पत्राने कळवले. आपले अर्धे उत्तर मुलांच्या वहीत पूर्ण सत्य म्हणून उतरते, हे मात्र त्या प्रश्नाने मला शिकवले.