पहिली शिवराई
(नाण्यांची ओळख : भाग ४)

मागच्या भागांत धातू, वजनं आणि टांकसाळी पाहून झाल्या. आज नाण्यांकडून माणसांकडे वळू. एरवी सुट्टे पैसे न बघता खिशात टाकणारा माणूस एके दिवशी भिंग घेऊन नाण्यावर वाकून बसतो, ते कशामुळे?

सुरुवात बहुधा घरात होते. देवघरातल्या डब्यात नाहीतर ट्रंकेच्या तळाशी एखादी पुरचुंडी सापडते. तिच्यात राणीछाप रुपया असतो, चवली-पावली असते, दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण भासली तेव्हा पाडलेला भोकाचा पैसा असतो. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. ३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. अशा प्रत्येक बदलात घरोघरी थोडी नाणी खर्चायची राहून गेली. ती कुणी हौसेनं जमवली नव्हती. ती नुसती मागे उरली.

पण पुरचुंडी सापडली म्हणजे छंद लागला असं नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘याचे किती येतील?’ हाच असतो. तो स्वाभाविक आहे, मात्र त्यावर छंद उभा राहत नाही. भाव कळला की माणूस एकतर नाणं विकतो, नाहीतर डबा पुन्हा बंद करतो. छंद लागतो तो दुसऱ्या प्रश्नानं, आणि आपल्याकडे तो प्रश्न सर्वांत जास्त लोकांना शिवराईनं पाडला असावा.

६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावानं सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. होन आज अतिशय दुर्मीळ आहे. शिवराई मात्र सामान्य माणसाच्या हातातलं नाणं, त्यामुळे ती भरपूर पाडली गेली आणि भरपूर उरलीही. ती तळहातावर घ्या. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, आणि कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. हे वर्तुळ पूर्ण सहसा दिसत नाही, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. त्यातून घाव हातानं घालायचा. मग कधी ‘श्री’ अर्धी कापली जाते, कधी ‘ति’ची वेलांटी चकतीबाहेर राहते.

शिवराई हाती आलेला प्रत्येक जण विचारतो, ‘ही महाराजांच्या काळातली का?’ खरं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. महाराजांनंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात याच मजकुराची शिवराई निघत राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ ही तर पुष्कळ उत्तरकाळातली. इथे काही जण हिरमुसतात आणि विषय सोडून देतात. पण काहींच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो : मग ही कोणाच्या काळातली? माझ्या मते संग्राहक जन्माला येतो तो याच क्षणी.

कारण आता अक्षरं नीट पाहावी लागतात. एका नाण्यावर ‘शिव’, दुसऱ्यावर ‘सिव’, तिसऱ्यावर ‘सीव’. ‘पति’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. टांकसाळी अनेक होत्या, त्या चालवायचे परवाने खासगी लोकांनाही मिळत, आणि ठसे कोरणारे हात वेगवेगळे. दोन शिवराया शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. तो दिसला की तिसरी हवीशी वाटते, ती दोघींपैकी कुणाच्या जवळची हे ठरवायला. पुण्याच्या जुन्या बाजारात मोडीच्या ढिगाशी उकिडवा बसून तांब्याच्या चकत्या उलटसुलट करणारा माणूस दिसला, तर तो बहुधा हेच करत असतो. अलीकडे बनावट शिवरायाही निघाल्या आहेत, त्यामुळे नवख्यानं जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

शिवराई नसेल तरी अडत नाही. मुलांसाठी तर खिशातलं नाणंच बरं. सालाखाली भिंगानं पाहा : चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच खूण नसेल तर कोलकाता. एकाच सालाची चारही नाणी जमवायची असं मुलाला सांगून पाहा. घरातलं एकही सुट्टं नाणं तपासणीतून सुटणार नाही.

या वाटेवर एक सापळाही आहे. राम दरबार किंवा हनुमान कोरलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली चकती कंपनीचं नाणं म्हणून विकली जाते. कंपनीनं असं नाणं कधीही काढलं नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना विका, असे फोन येतात, आधी ‘फी’ भरायला सांगतात. आपल्या नावाखाली असे व्यवहार चालले आहेत, त्यांना बळी पडू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये दिला आहे. पैशाच्या आशेनं या छंदात आलेला माणूस पहिल्याच फसवणुकीनंतर बाहेर पडतो, याचं फार वाईट वाटतं.

कारण नाण्याचं खरं मोल पैशात नसतं, ते काय सांगतं त्यात असतं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा उमटवलेला होता. हरलेल्या राजाचं चलन जिंकलेल्यानं आपलं करून घेतलं, हे त्या साठ्यानं थेट दाखवलं. तो सोनाराच्या मुशीत गेला असता, तर एवढा मोठा पुरावा कायमचा वितळला असता. म्हणूनच शेतात, पायाखणीत साठा लागला तर तो वाटून घेऊ नये. १८७८ च्या कायद्यानुसार त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

तुमच्या घरातल्या पुरचुंडीसाठी मात्र दोनच विनंत्या. तांब्याचं नाणं चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. वर्षानुवर्षं धरलेला रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि झिजलेली अक्षरं आणखी झिजतात. दुसरी विनंती : ती पुरचुंडी कुणी बांधली, नाणी कुठून आली, हे घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवा. पुढच्या आठवड्यात राणीछाप रुपयाकडे वळू. घरात असेल तर तो काढून ठेवा.