पाणी मोजायला शिकवणारे मास्तर

धरण भरलं की आपल्याकडं पेढे वाटतात. पाणी कोणाला, किती अन् कधी द्यायचं, हा हिशेब मात्र मागं पडतो. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाचं औरंगाबाद) ‘वाल्मी’त, म्हणजे १९८० साली स्थापन झालेल्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, प्रा. प्रदीप पुरंदरे यांनी हाच हिशेब शिकवला. स्वतः अभियंते, पण त्यांचं बोट सिमेंटपेक्षा कायद्याच्या कलमांवर जास्त.

त्यांनी दाखवलेली गोष्ट ऐकून कोणीही चक्रावेल. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला १९७६ साली. त्याखालचे नियम मात्र पुढची कित्येक वर्षे झालेच नाहीत; कारभार इंग्रजी अमदानीतल्या १९३४ च्या नियमांवर चालला. टेलच्या शेतकऱ्याला याचं काय? आहे की! त्यानं सात नंबरचा फॉर्म भरावा, पाणीपट्टी भरावी, शेजपाळीची वाट पाहावी, आणि वरच्यानं चारीचं दार उचकटून पाणी वळवावं. लाभक्षेत्राची अधिसूचना नाही, कालवा अधिकाऱ्याची रीतसर नेमणूक नाही, मग कारवाई करायची कशाच्या आधारावर, हा पुरंदरे यांचा सवाल.

दुसरी लढाई कोर्टातली. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं राज्याचा एकात्मिक जल आराखडा करायला सांगितलं होतं. तो न करताच प्रकल्पांना मंजुऱ्या मिळत गेल्या. पुरंदरे यांनी २०१४ मध्ये औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका केली. आराखडा होईपर्यंत नव्या प्रकल्पांना मान्यता देण्यास कोर्टानं मनाई केली. राज्य जल परिषदेची पहिली बैठक भरली ती २०१५ च्या जानेवारीत! आधीच मराठवाड्याचा अनुशेष, त्यात ही मनाई, असं कोणाला वाटलं तर नवल नाही. पण खोऱ्यात पाणी किती हेच ठरलं नसेल, तर मंजुरीचा कागद वावरात भिजत नाही.

मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. तहान भागली, उसाची पाळी काही रेल्वेनं येत नसते.

२००५ च्याच दुसऱ्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीनं, म्हणजे मोजून पाणी घ्यायचा हक्क दिला. त्यासाठी चारीच्या तोंडाशी मोजमापाची सोय लागते. आपल्या चारीवर ती आहे का, असली तर चालू आहे का, हे पाणी वापर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी अन् सरपंचांनी रब्बीच्या आवर्तनाआधी शाखा कार्यालयात जाऊन लेखी विचारावं.