दंडसमता आणि फाशीचा वाद

एखाद्या क्रूर हत्याकांडानंतर आपल्या मराठी वर्तमानपत्रांत जो वाद सुरू होतो, त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. एका पक्षाचे अग्रलेखक जरब, पीडितांचा आक्रोश आणि समाजाचा संताप यांचा दाखला देऊन फाशीची मागणी करतात; दुसरा पक्ष मानवी हक्क आणि न्यायालयीन प्रमादाची शक्यता पुढे करतो. दोन्ही पक्षांत विद्वान आहेत. परंतु दोघांच्याही लेखनात ‘न्याय’ या शब्दाचा अर्थ दोरखंड हवा की नको, एवढाच उरतो.

१९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी केवळ ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणी द्यावी असे ठरविले. १९८३ च्या मच्छीसिंग खटल्यात त्याला समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाचा निकष जोडला गेला. आता हा सामूहिक विवेक न्यायासनापर्यंत पोहोचतो कोणत्या मार्गाने? बहुतांशी वर्तमानपत्रांच्याच मार्गाने. ज्या हत्येने संपादकीय कक्ष हादरतो ती दुर्मिळ ठरते. ज्या हत्येची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, तिच्याबाबत समाजाचा विवेक जागा झाला की नाही हे कोणी विचारीत नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिल्या काही आठवड्यांत या घटनेला वृत्तपत्रांतून अत्यल्प जागा मिळाली, आणि जी मिळाली तीत मृत स्त्रीच्या चारित्र्याविषयी कुजबुज होती. बौद्ध समाज रस्त्यावर उतरल्यानंतरच अग्रलेख आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठोठावली आणि हत्येचे कारण जात नसून सूड आहे असे म्हटले. त्यानंतरची चर्चा फाशी का गेली याभोवती फिरली. जातीचा उल्लेख निकालातून का गेला, हा प्रश्न वस्तुतः अधिक मोठा होता. दोरखंडाच्या वादात तो मागे पडला, आणि याला आपल्यातीलही काही लेखक अपवाद नव्हते.

कर्जत म्हटले की आपल्या वाचकांना रायगडातील कर्जत-खालापूरचा परिसर आठवेल. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातही एक कर्जत तालुका आहे. त्यातील कोपर्डी येथे जुलै २०१६ मध्ये एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. गुन्हा भीषण होता, यात संशय नाही. पण त्या काळातील मोर्चांत आरोपींना फाशी द्या आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा बदला, या दोन मागण्या एकत्र चालल्या. आरोपींची जात येथे मथळ्यापर्यंत आली होती. खैरलांजीत ती निकालापर्यंतही टिकली नाही.

तिसरे उदाहरण नाशिकचे. २००३ मधील एका हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही पुन्हा फाशीत रूपांतरित केली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने प्रथम पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांचा हा हिशेब! या मुक्ततेवर किती अग्रलेख लिहिले गेले, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

सम्राट अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात या वादाला उपयुक्त असा एक शब्द आहे : दंडसमता. व्यवहारात, म्हणजे खटल्याच्या कामकाजात, समता असावी आणि दंडातही समता असावी, अशी अपेक्षा तो व्यक्त करतो. याच लेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत देण्याची आज्ञा आहे. अशोकाने मृत्युदंड रद्द केला नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याने आधी विचारलेला प्रश्न कार्यपद्धतीचा होता, आणि आपले अग्रलेख नेमका तोच शेवटी विचारतात.

पालि साहित्य याहून मागे जाते. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य व दारिद्र्यातून चोरी वाढते. मग राजा चोराचा शिरच्छेद करवतो. त्याचा परिणाम असा होतो की लोकही शस्त्रे बनवून त्याच रीतीने मारू लागतात. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की, वध व बंधन यांनी लुटारूंचा उपद्रव संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे. कर्जतजवळची कोंडाणे लेणी सह्याद्रीच्या घाटवाटेच्या पायथ्याशी आहेत. वाटसरूंना लुटणाऱ्या चोरांचा प्रश्न अशा वाटांवर राहणाऱ्या भिक्खूंना केवळ ग्रंथगत नसावा. मिलिंदपञ्हात मात्र वेगळा सूर आढळतो. चोराचा वध तथागतांच्या संमतीने नव्हे, तर चोराच्या स्वतःच्या कृत्यामुळे होतो, असे नागसेन सांगतात. परंपरेत हा ताण आहे, तो लपविण्याचे कारण नाही.

वर्षावासात कर्जत-खालापूरच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, तेव्हा वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग येतो. अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि निरपराध सुटला पाहिजे, असे तेथे भगवंतांचे उत्तर आहे. मग बाबासाहेब फाशीच्या बाजूचे होते काय, अशी शंका श्रोत्यांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर संविधान सभेच्या कामकाजात आहे. ३ जून १९४९ रोजी, फाशी झालेल्यांना सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा अधिकार असावा काय या चर्चेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या या देशाने मृत्युदंडच संपूर्ण रद्द करणे अधिक उचित होईल. शिक्षा आवश्यक आहे हे त्यांनी कधी नाकारले नाही. शिक्षा म्हणजे वध, हे मात्र त्यांना मान्य नव्हते.