तेरची बाहुली

तेरणेकाठचे तेर आपण गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाची मोठी पेठ होते. इथले सुती कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई. धड रस्ता नाही, महिनाभराची वाट. गाडीवानांचे काय हाल झाले असतील! पुढे गलबते तो माल रोमी लोकांच्या मुलखाकडे नेत.

त्या मुलखात, इटलीच्या किनाऱ्याला, पाँपेई शहर होते. इ. स. ७९ मध्ये ते ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. १९३८ साली तिथे एक हस्तिदंती बाहुली निघाली. दागिने पाहावेत, तर आपल्याकडचे! तशीच बाहुली तेरच्या मातीतही सापडली आहे. पाँपेईची बाहुली तेरहूनच गेली, असे आम्ही म्हणत नाही. पण कापडाच्या वाटेनेच ती गेली असावी, असे आम्हाला वाटते. तेरला जाल तेव्हा काकांचे दर्शन घ्या आणि लामतुरे संग्रहालयही पाहा.