कोऱ्या गाडीचा लाल दिवा

आमच्या घरी मोटार आली ती गेल्या वर्षी, दसऱ्याच्या मुहूर्तावर. जळगावात प्राध्यापकी करू लागल्याला अठरा वर्षे झाली. ती सगळी दुचाकीवर गेली. सौभाग्यवतीने दरमहा बँकेत टाकलेले पैसे, थोडी माझी शिल्लक आणि उरलेले कर्ज, अशी ही गाडी. चाकांखाली लिंबे ठेवली, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, झेंडूची माळ घातली. किल्ली घेतानाचा माझा फोटो आहे. त्यात मी ती किल्ली अशी घट्ट धरली आहे, की जणू कोणी ती परतच मागणार आहे!

भाऊबीजेला धुळ्याला ताईकडे जायचे ठरले. ओवाळणीचे निमित्त खरे. पण मनात गाडी दाजींना दाखवायची होती. दाजींची सारी हयात एस. टी.च्या कार्यशाळेत गेली. आजवर आम्ही त्यांच्या दारात उतरायचो ते बसस्थानकावरून रिक्षा करून.

गिरणेचा पूल ओलांडला, बांभोरीचे विद्यापीठ मागे पडले, पाळधी गेले, एरंडोलही गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. पारोळा अजून बराच दूर होता, तेवढ्यात मागून आमची कन्या म्हणाली, "बाबा, तो लाल दिवा कसला?"

समोरच्या फलकावर तापमापकाचे चित्र असलेला छोटासा लाल दिवा लागला होता. गाडीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. चालली होती सहाशे बारा किलोमीटर. मी म्हणालो, "अगं, नवी गाडी आहे. काही होत नाही." पुढे एखादे हॉटेल लागेल, तिथे सावलीत थांबू, असा विचार केला आणि तीनएक किलोमीटर तसाच गेलो. मग बोनेटमधून वाफ निघू लागली, इंजिन खडखडले आणि बंद पडले.

शेजारच्या शेतातून एक गृहस्थ धावत आले. मी बोनेटला हात घालताच ओरडले, "मास्तर, झाकन उघाडू नका, भाजी जाशात!" मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखले, कोण जाणे, पण त्यांच्यामुळे माझा हात वाचला. तापलेल्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उकळत्या कारंज्यासारखे अंगावर येते.

दाजींना फोन लावला. त्यांनी आधी विचारले, "सगळे ठीक आहात ना?" आणि मग, "गाडी परत सुरू करू नका. एकदासुद्धा नाही." तासाभराने ते भाच्याला घेऊन हजर झाले. तबक धुळ्याला वाट पाहत राहिले आणि माझी ओवाळणी त्या दिवशी संध्याकाळी झाली. गाडी मात्र दोरखंड बांधून उलटी जळगावला गेली.

काय झाले ते दाजींनी जेवताना समजावले. इंजिनाभोवती पाणी व शीतक द्रव्य खेळते असते. पंप ते फिरवतो, इंजिनाची उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये निवते आणि पुन्हा आत येते. एरवी त्याचे तापमान नव्वद अंशांच्या आसपास असते. पण एखाद्या रबरी नळीची पट्टी सैल राहिली, तर पाणी थेंबथेंब गळते आणि एक दिवस इंजिन कोरडे पडते. मग वरचा अॅल्युमिनियमचा भाग उष्णतेने वाकतो, मधली गॅस्केट जळते, पाणी तेलात शिरते आणि तेल दुधाळ चहासारखे दिसू लागते. आमच्या गाडीचे नेमके तसेच झाले होते.

चार दिवसांनी विक्रेत्याच्या कार्यशाळेतून निरोप आला : दिवा लागूनही गाडी चालवली, हा ग्राहकाचा निष्काळजीपणा, वॉरंटीत बसत नाही, खर्च एक लाख चाळीस हजार.

त्या रात्री मी तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो. "दिवा लागताच मी गाडी थांबवली," असे वाक्य लिहिले. भाषेच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. मोठ्याने वाचून पाहिले. कन्या शेजारी अभ्यास करत होती. ती एवढेच म्हणाली, "पण बाबा, आपण थांबलो नव्हतो ना?"

वाचकहो, वर्गात मुलांना प्रामाणिक लेखनावर व्याख्याने देणारा हा प्राध्यापक त्या एका प्रश्नाने गप्प झाला. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, खरे लिहिले तर हातचा दावा जाईल." तिचे म्हणणे खोटे नव्हते. ते पैसे तिने महिन्यामहिन्याने साठवले होते. पण पोरीच्या देखत ते वाक्य तसेच ठेवणे मला जमेना. शेवटी मी लिहिले : "दिवा लागल्यावर मी सुमारे तीन किलोमीटर गाडी चालवली, ही माझी चूक. परंतु दिवा का लागला, याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे. सहाशे किलोमीटरमध्ये पाणी गेले कुठे?"

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. अस्सल कागदांसाठी ते गावोगाव हिंडले. गाडीच्या भांडणातही कागदासारखा साक्षीदार नाही. मी पावती, वॉरंटीची पुस्तिका, गाडी ताब्यात घेतानाची तपासणीची यादी, वाटेत काढलेले फोटो आणि गाडी ओढून नेल्याची पावती यांची फाईल केली. पत्र विक्रेत्याला आणि कंपनीला, दोघांनाही रजिस्टर्ड पोस्टाने धाडले.

कायदाही वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचे. मुदत दोन वर्षांची. वकील दिलाच पाहिजे असे नाही. दोष उघड दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मात्र मोटार बिघडली की कोरी मोटार मिळालीच, असे समजू नये. मारुती कंपनीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर तेवढ्यावरून सबंध गाडी बदलून मागता येत नाही.

नव्या वस्तूवर डोळे मिटून विश्वास टाकणारे आपणच एकटे नाही. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेल्या कोऱ्या नॅनोने वाटेतच पेट घेतला होता. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने विकलेल्या नॅनोंना जादा संरक्षण मोफत बसवून देण्याचे जाहीर केले. आता तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकारही सरकारला मिळाला आहे.

माझ्या पत्रानंतर महिन्याने कंपनीचा अभियंता आला. हल्लीच्या गाडीच्या पोटात एक यांत्रिक मेंदू असतो. बिघाडाची नोंद तो ठेवतो. अभियंत्याने ती नोंद यंत्रावर काढली आणि माझ्या पत्राशेजारी ठेवली. दिवा लागल्यापासून इंजिन बंद पडेपर्यंतचा हिशेब माझ्या तीन किलोमीटरशी जुळला. मग तो वाकून नळ्या पाहू लागला. रेडिएटरच्या खालच्या नळीची पट्टी मुळात आवळलेलीच नव्हती. तो म्हणाला, "सर, तुम्ही थांबलो म्हणून लिहिले असते, तर मी पुढचे काही पाहिलेच नसते."

नवी गाडी मिळाली नाही. नवे इंजिन मात्र फुकट बसवून मिळाले. दिवा पाहून न थांबल्याची चूक माझीही होती, म्हणून मी ते मान्य केले आणि आयोगाची पायरी चढावी लागली नाही. इंजिन बदलले की त्याचा नंबरही बदलतो. तो परिवहन कार्यालयात नोंदणीच्या पुस्तकावर व विम्याच्या कागदावर बदलून घ्यावा लागतो, नाही तर पुढे दावा अडतो. त्या खेपा मीच घातल्या. हप्ते मात्र गाडी बंद असतानाही चालू होते. ते चार महिने मी पुन्हा दुचाकीवर कॉलेजात गेलो आणि रोज कोणी तरी विचारायचे, "सर, गाडी कुठे?"

यंदा पुन्हा भाऊबीजेला धुळ्याला जायचे आहे. परवा सौभाग्यवतीने फराळाचे डबे भरता भरता विचारले, "गाडीनेच जायचे ना?" मी म्हणालो, "गाडीनेच." कन्येने या वेळी पुढची जागा मागून घेतली आहे. म्हणते, दिव्यांवर लक्ष मी ठेवीन.