दस्त नोंदला, पण हक्क तपासला का?

सहदुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आपला टोकन नंबर पुकारला जातो. कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, साक्षीदारांनी सह्या करायच्या. थोड्या वेळात काम उरकतं आणि बाहेर पेढे वाटले जातात. आयुष्यभराची पुंजी एवढ्या वेळात एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असते. फसवणूक झालीच असेल, तर ती बहुधा या खोलीत झालेली नसते. आधीच कधीतरी एखाद्या कागदावर त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त विश्वास टाकलेला असतो.

घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहारातला प्रत्येक कागद एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो. तो कागद आपण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून स्वीकारला, की फसवणाऱ्याचं काम सोपं होतं. महाराष्ट्रात सर्रास ऐकू येणारे असे काही गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : सरकारी कार्यालयात नोंदणी झाली, म्हणजे मालकी पक्की झाली.

वस्तुस्थिती : १९०८चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. सही करणारी व्यक्ती कोण आहे, तिने दस्त मान्य केला का, मुद्रांक शुल्क भरलं का, हे नोंदणी अधिकारी बघतात. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे की नाही, याचा न्यायनिवाडा त्यांच्याकडे नसतो. तमिळनाडूतल्या एका नियमावरच्या खटल्यात एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं.

उलट कायदा घेणाऱ्याकडून जास्त अपेक्षा धरतो. मालमत्तेचा आधीचा दस्त रीतसर नोंदलेला असेल, तर तो तुम्हाला माहीत होता असंच गृहीत धरलं जातं. ‘मला कल्पना नव्हती’ हे उत्तर तिथे चालत नाही. म्हणूनच वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घेण्याची पद्धत आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून सूची क्रमांक दोन, म्हणजे आपली इंडेक्स टू, स्वतःलाही बघता येते. मागच्या दस्तांची साखळी जिथे तुटते, तिथे थांबायचं.

गैरसमज २ : सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे तोच मालक.

वस्तुस्थिती : सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावे आहे, तिच्यात काय पिकतं, तिच्यावर कोणाचे कोणते भार आहेत, हे तो सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार त्यातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफार झाल्याने मालकी तयार होत नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मालकी येते ती खरेदीखत, वाटणी, बक्षीसपत्र, वारसा यांतून. म्हणून नावासमोरचा फेरफार क्रमांक शोधायचा आणि ते नाव मुळात कशाच्या आधारे लागलं, तो कागद मागायचा. बहिणींची नावं कुठल्या फेरफारात गळली, हेही तिथेच कळतं.

‘इतर अधिकार’ हा रकाना तर शब्दन् शब्द वाचावा. कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, वाद, हे सगळं तिथे असतं. जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही.

गैरसमज ३ : स्टँप पेपरवर नोटरी केलेला करार किंवा कुलमुखत्यारपत्र पुरेसं आहे.

वस्तुस्थिती : १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरी फक्त सही आपल्यासमोर झाल्याचं सांगतो. साठेखताने विकत घेण्याचा करार होतो, मालकी येत नाही. सूरज लॅम्प खटल्यात २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितलं, की मुखत्यारपत्र आणि करार यांच्या जोडीने केलेली ‘विक्री’ ही विक्रीच नव्हे.

मुखत्यारपत्र मालकाच्या वतीने सही करण्यासाठी वापरता येतं. परदेशात असलेल्या मुलाच्या वतीने पुण्यात काका सही करतात, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण देणारा वारला, की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं, आणि ते रद्दही केलेलं असू शकतं. त्यामुळे मूळ मालकाशी थेट व्हिडिओ कॉलवर बोला. व्यवहार कोणता, रक्कम किती, पैसे कोणत्या खात्यात जाणार, हे त्याच्या तोंडून ऐका. आणि पैसे मालकाच्याच खात्यात भरा.

गैरसमज ४ : महारेरा क्रमांक आहे, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : महारेरामुळे ग्राहकाच्या हातात बरंच बळ आलं, हे खरं आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्या कुटुंबांनी कर्ज काढून घरं घेतली होती, मुद्रांक शुल्कही भरलं होतं.

म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत विकासकाकडून घेऊन न थांबता, तो क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावा. इमारत तयार असेल, तर भोगवटा प्रमाणपत्रही असंच तपासावं.

गैरसमज ५ : सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव आहे किंवा तो नॉमिनी आहे, म्हणजे फ्लॅट त्याचाच.

वस्तुस्थिती : शेअर सर्टिफिकेट सभासदत्व सांगतं. मूळ सभासद वारल्यावर नॉमिनीचं नाव लागलं, तरी त्याने वारसांचा हक्क संपत नाही. सहकार कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद मानला जातो. आईच्या निधनानंतर धाकटा मुलगा फ्लॅट विकत असेल, तर थोरला भाऊ आणि लग्न झालेली बहीण कुठे आहेत, हे विचारायला संकोच करू नका. नोंदणीकृत हक्कसोडपत्र, प्रोबेट किंवा वारस प्रमाणपत्र, जे लागू असेल ते वकिलाला दाखवून घ्या.

गैरसमज ६ : बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद स्वच्छ आहेत.

वस्तुस्थिती : बँकेचा वकील बँकेसाठी कागद तपासतो. कर्जाचा हप्ता मात्र तुमच्या पगारातून जाणार असतो. तुमचा वकील तुमचाच असावा. एजंटाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

एकाच फ्लॅटवर दोन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार घडतात. आधीचं कर्ज आहे का हे पाहण्यासाठी सरसाई या केंद्रीय नोंदवहीत अल्प शुल्क भरून शोध घेता येतो. महाराष्ट्रात मालकीचे कागद बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ही निबंधकांकडे दाखल करावी लागते. विकणाऱ्याचं कर्ज बाकी असेल, तर तेवढी रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, आणि मूळ कागद बँकेकडून कधी, कोणाच्या हाती मिळणार हे करारात लिहून घ्या. ‘ओरिजिनल हरवले’ हे उत्तर मिळालं, तर पोलिसांतली तक्रार, जाहीर नोटीस आणि वकिलाचं समाधान यांच्याशिवाय पुढे जाऊ नका.

गैरसमज ७ : किंमत कमी दाखवून काही रक्कम रोख दिली, की दोघांचाही फायदा.

वस्तुस्थिती : मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसारचं बाजारमूल्य, यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड स्वीकारलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. शिवाय व्यवहार फसला, तर कागदावर असेल तेवढेच पैसे परत मागता येतात.

नोंदणीच्या आधीचे पंधरा दिवस

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि हरकतींसाठी साधारण १४-१५ दिवसांची मुदत पूर्ण होऊ द्या. ‘उद्याच दुसरं गिऱ्हाईक येतंय’ या घाईला बळी पडू नका. जागेवर स्वतः जा, शेजाऱ्यांशी बोला, आत भाडेकरू आहे का ते पाहा. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर आणि वीजबिल तपासा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा अनिवासी भारतीय असेल, तर दर आणि नियम वेगळे, आणि ५० लाखांची मर्यादाही लागू नाही. हे आधीच सनदी लेखापालाला विचारा.

पैसे पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक विकणाऱ्याच्या तोंडून, आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर पडताळून घ्या. ‘खातं बदललंय’ असा ईमेल किंवा संदेश आला, तर भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. प्रत्येक रकमेचा चेक क्रमांक किंवा यूटीआर क्रमांक दस्तात लिहा. विकणाऱ्यानेही सावध राहायला हवं. किंमत पूर्ण मिळाली नाही एवढ्या कारणावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या दहीबेन खटल्यात म्हटलं आहे. मग हाती उरतो तो वसुलीचा दावा.

नोंदणीसाठी ऑनलाइन भरलेली माहिती आदल्या दिवशी मोठ्याने वाचा. नावाचं स्पेलिंग, सर्व्हे नंबर, मजला, क्षेत्रफळ, सगळं जुन्या दस्ताशी ताडून पाहा. चूक राहिली, तर पुढे चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल, तर त्या दिवशी उघडा आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करा.

फसवणूक लक्षात आलीच तर

ऑनलाइन पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. तिथे पहिले काही तास मोलाचे असतात. तोतया उभा करून दस्त नोंदवला असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसांत तक्रार करा, पण तेवढ्यावर थांबू नका. दस्त रद्द करून घेण्यासाठी सहसा दिवाणी न्यायालयातच जावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात.

ती वर्षं वाचवायची असतील, तर आधीचे पंधरा दिवस खर्च करायला हवेत. समोर आलेल्या प्रत्येक कागदाला विचारा : तू नेमकं काय सांगतोस, आणि काय सांगत नाहीस? जे तो सांगत नाही, ते सांगणारा कागद हाती येईपर्यंत अंगठा उमटवू नका. ज्याचा हक्क खरा आहे, तो तेवढे दिवस थांबतो.